दुरुस्त केलेल्या जुन्या कागदांसाठी घडीची वेष्टने आणि पेट्या : मापे, पुठ्ठा, अनुभव

घडीकाम (धागाकर्ता)

फाटलेला कागद जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने सांधला, वजनाखाली वाळवला आणि तो सपाट होऊन हातात आला, की काम संपल्यासारखे वाटते. माझ्या पाहण्यात मात्र अशा कागदाला पुढची इजा होते ती बहुधा तो बाहेर काढताना किंवा परत ठेवताना. म्हणून वेष्टन करायला बसताना मी आता सर्वांत आधी एकच गोष्ट ठरवून घेतो, ती म्हणजे हे उघडणाऱ्या माणसाचा हात नेमका कुठे पडेल. माप, पुठ्ठा, बंद या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

हे माझ्या लक्षात एका नुकसानानंतर आले. पूर्वी मी एका बाजूने उघडी असलेली, पाकिटासारखी वेष्टने करीत असे. एका सोळा पानी पुस्तिकेचा खालचा कोपरा मी सांधला होता, आणि तिच्या पाकिटात रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर मोकळीक ठेवली होती. पुस्तिका परत सरकवताना कोपरा पाकिटाच्या कडेला अडला. सांधा टिकला, पण त्याला लागून असलेला जुना, ठिसूळ कागद सरळ रेषेत तुटला. सांध्याची ताकद भोवतालच्या कागदापेक्षा जास्त झाली, की ताण नेहमी सांध्याच्या कडेवर जाऊन बसतो. त्या दिवसापासून दुरुस्त केलेली कोणतीही वस्तू कशात सरकवावी लागेल असे वेष्टन मी केलेले नाही. वस्तू आडव्या तळावर अलगद ठेवायची आणि झडपा तिच्यावर आणायच्या, ही चार झडपांच्या वेष्टनाची रीत मला सर्वांत सुरक्षित वाटते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो. पुस्तिका २१० मिलिमीटर उंच, १४८ रुंद आणि ६ जाड आहे. जाडी मोजताना तीन-चार ठिकाणी मोजून त्यातली सर्वांत मोठी धरावी, कारण सांधलेल्या पुस्तिका कण्याजवळ आणि कडेला सारख्या जाड नसतात. माप घेताना पुस्तिका दाबू नये. मोजपट्टीऐवजी जाड कागदाची एक अरुंद पट्टी वस्तूभोवती सैल गुंडाळून तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, तर आकडेमोडीतल्या चुका पुष्कळ टळतात.

वेष्टन दोन पट्ट्यांचे करावे, एक उभी आणि एक आडवी, तळाशी एकमेकींवर चिकटवलेल्या. मी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचा कार्डकागद वापरतो. उभी पट्टी आतली असते आणि तिची रुंदी १४९ ठेवतो. तिच्या लांबीत क्रमाने २०५ ची मोठी झडप, ७ ची भिंत, २१२ चा तळ, ७.५ ची भिंत आणि ७० ची छोटी झडप येते, म्हणजे एकूण ५०१.५ मिलिमीटर. दुसरी भिंत अर्धा मिलिमीटर जास्त आहे, कारण तिची झडप पहिलीच्या वर बसणार आहे. आडवी पट्टी बाहेरची असते. तिची उंची २१३, तळ १५०, भिंती ८.५ आणि ९, आणि दोन्ही झडपा जवळजवळ पूर्ण रुंदीच्या. बाहेरच्या भिंतीत आतल्या कार्डाचे तीन थर सामावायचे असतात, ही गोष्ट विसरली की वेष्टन फुगते आणि वरची झडप वस्तूला दाबत राहते.

मोठी झडप आधी मिटायची आणि छोटी तिच्यावर, हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. वस्तूला थेट टेकणारी झडप पूर्ण आकाराची असेल, तर कार्डाची कड वस्तूच्या मधोमध येत नाही. अर्ध्या अर्ध्या झडपा मध्यावर भेटतील असे वेष्टन करून त्यावर दुसरी चार वेष्टने रचली, तर काही महिन्यांनी मऊ कागदावर त्या कडेचा पुसटसा व्रण उमटतो. मी तो तिरप्या प्रकाशात पाहिला आहे.

घडी घालण्यापूर्वी पोलादी पट्टीच्या कडेने हाडाची पट्टी फिरवून रेघ दाबून घ्यावी. दुमडल्यानंतर घडीवर कोरा कागद ठेवून पुन्हा दाबावे, म्हणजे कार्ड चकाकत नाही. दोन तळ जोडायला पातळ खळ किंवा संग्रहणासाठीचा पांढरा डिंक अगदी थोडा लावावा आणि वेष्टन वजनाखाली किमान एक दिवस वाळू द्यावे. ओलावा पूर्ण निघून गेल्याशिवाय वस्तू आत ठेवू नये.

पुठ्ठ्याची निवड आणि पेट्या यांविषयी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.


शाईरेघ

लेख फार उपयोगी आहे. दोन शंका आहेत. पहिली अशी की, दोन पट्ट्यांऐवजी अधिक चिन्हाच्या आकारात एकच तुकडा कापला, तर चिकटवण्याचे काम वाचणार नाही का? आणि दुसरी, माझ्याकडे जुन्या हस्तलिखित पत्रांचा एक गठ्ठा आहे. शाई तपकिरी झाली असून काही शब्दांच्या जागी कागदाला बारीक चिरा गेल्या आहेत. त्यांतल्या एका पत्राला लाखेचे सीलही आहे. अशा पत्रांनाही हेच वेष्टन चालेल का?


घडीकाम

पहिल्या शंकेचे उत्तर तंतूंच्या दिशेत आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात आणि पुठ्ठ्यात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ आणि सरळ पडते. आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीवर भेगा दिसतात, आणि झडप स्प्रिंगसारखी पुन्हा वर येऊ पाहते. एकाच तुकड्याच्या वेष्टनात चारांपैकी दोन झडपांच्या घड्या दिशेविरुद्ध जाणारच. दोन पट्ट्या वेगळ्या कापल्या तर प्रत्येकीत तंतू घडीला समांतर ठेवता येतात, म्हणजे पट्टीच्या आखूड बाजूला समांतर. तळाशी दोन्हींचे तंतू एकमेकांना काटकोनात येतात आणि त्यामुळे तळ ताठ राहतो. शिवाय कार्डही कमी वाया जाते.

दिशा ओळखण्यासाठी कार्डाची कड हाताने हलकेच वाकवून पाहावी, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने कमी विरोध जाणवतो, त्या वाकण्याच्या रेषेला तंतू समांतर असतात. शंका उरली तर लहानसा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो लगेच वळू लागतो, आणि वळून तयार होणाऱ्या नळीची लांबी तंतूंच्या दिशेत असते.

अगदी पातळ, एक-दोन पानी वस्तूसाठी एकाच तुकड्याचे वेष्टन मीही करतो. तिथे भिंत जवळजवळ नसतेच आणि हलके कार्ड पुरते.

तुमच्या पत्रांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहितो.


जुनाकागद

पुठ्ठ्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सर्वांत महाग चुका इथेच होतात.

कागद पिवळा आणि ठिसूळ होतो यामागे मुख्यतः आम्लता असते. आम्लामुळे सेल्युलोजच्या लांब साखळ्या जागोजागी तुटतात. एकोणिसाव्या शतकात कागदाच्या लगद्यात तुरटी आणि राळ घालण्याची पद्धत पसरली आणि पुढे चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला. त्या काळापासूनचे पुष्कळ कागद त्याआधीच्या चिंध्यांच्या कागदापेक्षा लवकर खचले आहेत. हीच आम्लता एका कागदातून शेजारच्या कागदात जाते. पुस्तकात वर्तमानपत्राचे कात्रण वर्षानुवर्षे राहिले, की समोरच्या पानावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो, अगदी कोपऱ्यांसकट. स्वस्त करड्या पुठ्ठ्याची पेटी हेच काम सर्व बाजूंनी करते.

म्हणून पुठ्ठा आम्लमुक्त हवा, परंतु तेवढे पुरेसे नाही. लाकडाच्या लगद्यात खडूची पूड मिसळून कारखान्यातून बाहेर पडताना त्याचा सामू ८ पर्यंत आणता येतो आणि त्यावर ‘आम्लमुक्त’ असे छापताही येते. आतले लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, मात्र तसेच राहते, आणि ते विघटित होत गेले की आम्ल पुन्हा तयार होते. विचारताना तीन गोष्टी विचाराव्यात : पुठ्ठा आम्लमुक्त आहे का, लिग्निनमुक्त आहे का, आणि त्यात अल्कधर्मी साठा आहे का. तुलनेसाठी सांगतो, टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा अपेक्षित आहे. हा साठा हवेतून आणि वस्तूतून येणारे आम्ल काही काळ शोषून घेतो.

घरी तपासण्यासाठी सामू दाखवणारे पेन मिळते. त्यात क्लोरोफिनॉल रेड हा दर्शक असतो. तो आम्लधर्मी पृष्ठभागावर पिवळा राहतो आणि उदासीन किंवा अल्कधर्मी पृष्ठभागावर जांभळा होतो. ते पेन जुन्या वस्तूवर कधीही टेकवू नये, कारण खूण कायमची राहते. मी एकदा पांढऱ्या पुठ्ठ्याचे काही मोठे ताव आणले. पृष्ठभागावर रेघ ओढली तर ती सुंदर जांभळी झाली. नंतर सहज कापलेल्या कडेवर ओढली, तर वरचा आणि खालचा पांढरा पदर जांभळा आणि मधला जाड गाभा स्वच्छ पिवळा दिसला. तेव्हापासून पुठ्ठ्याचा पृष्ठभाग आणि कापलेली कड, दोन्ही तपासतो. पेनने लिग्निन कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.


निळीप्रत

आमच्याकडे इमारतींच्या आराखड्यांच्या जुन्या निळ्या प्रती आहेत, निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांच्या. वरील प्रतिसाद वाचून त्यांच्यासाठीही अल्कधर्मी साठा असलेले कार्डच घ्यावे असे वाटले. ते बरोबर आहे ना?


जुनाकागद

नाही, आणि तुम्ही आधी विचारलेत हे फार चांगले झाले. या प्रतींचा निळा रंग प्रशियन ब्लू या रंगद्रव्याचा असतो आणि अल्कधर्मी पदार्थांच्या सान्निध्यात ते विघटित होऊन फिके पडते. त्यांच्यासाठी आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त, परंतु साठा न घातलेले, उदासीन कार्ड घ्यावे. प्रकाशाने फिकी झालेली निळी प्रत अंधारात ठेवल्यावर काही अंशी पुन्हा गडद होते. अल्काने गेलेला रंग मात्र परत येत नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत, विशेषतः अंड्यातल्या पांढऱ्या भागाच्या थरावर छापलेली जुनी चित्रे आणि रंगीत छायाचित्रे यांसाठी, साठा नसलेला कागद घेणेच मी पसंत करतो. छायाचित्रांसाठी एक स्वतंत्र चाचणीही आहे, आयएसओ १८९१६. तिच्यात वेष्टनाचा कागद ७० अंश सेल्सिअस तापमान आणि ८६ टक्के सापेक्ष आर्द्रतेत १५ दिवस संवेदनशील पटलांना चिकटून ठेवतात आणि पटले फिकी होतात का, त्यांवर डाग येतात का, हे मोजतात. कार्ड छायाचित्रांसाठी घ्यायचे असेल, तर ते या चाचणीत उतरले आहे का हे विक्रेत्याला जरूर विचारावे.


नकाशाघर

इतके कष्ट घेण्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकमध्ये ठेवणे सोपे नाही का? पाहणाऱ्याला कागदाला हातही लावावा लागत नाही. धागाकर्त्यांनी ज्या हाताची काळजी व्यक्त केली आहे, तो प्रश्नच त्यामुळे मिटतो.


घडीकाम

तुमचा मुद्दा रास्त आहे. सतत हाताळल्या जाणाऱ्या एकेरी कागदांसाठी, उदाहरणार्थ नकाशे किंवा भित्तिपत्रके, मीही पारदर्शक पटल वापरतो. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या मी सोडत नाही.

पटल विनालेपनाच्या पॉलिएस्टरचेच हवे, साधारण ७५ ते १२५ मायक्रॉन जाडीचे. पीव्हीसीचे पाकीट मुळीच नको. ते जुने होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये कागदावर उतरतात. गरम करून चिकटवलेले लॅमिनेशन तर वेष्टन नव्हेच, कारण ते कागदापासून सुरक्षितपणे वेगळे करता येत नाही. पॉलिएस्टरवर स्थिर विद्युत साचते, त्यामुळे कोळसा, खडू, मऊ पेन्सिल किंवा सुटे होऊ लागलेले रंग असलेला कागद त्यात ठेवला, तर कण पटलाला चिकटतात. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : आम्लता न काढलेला कागद चारही बाजूंनी बंद पटलात ठेवला, तर तो बाहेर असताना होतो त्यापेक्षा लवकर खराब होतो, कारण त्याची स्वतःची आम्ले आतच कोंडली जातात. त्यामुळे अशा कागदाची आम्लता आधी तज्ज्ञाकडून कमी करून घ्यावी. निदान पटलाच्या दोनच लगतच्या बाजू जोडाव्यात, म्हणजे वरचे पटल पानासारखे उचलता येते आणि कागद ओढावा लागत नाही.

पटलातला कागद पुन्हा कार्डाच्या वेष्टनात किंवा पेटीत ठेवायचाच असतो. प्लास्टिकमुळे प्रकाश अडत नाही आणि आधारही मिळत नाही.

फार मोठे नकाशे सपाट ठेवायला जागा नसेल, तर ते नळीच्या आत न घालता नळीच्या बाहेरून गुंडाळावेत. नळीचा व्यास किमान १० सेंटिमीटर असावा आणि ती नकाशापेक्षा दोन्ही टोकांना थोडी लांब असावी. वरून आम्लमुक्त कागदाचा आणखी एक वेढा द्यावा. आत घातलेला नकाशा बाहेर काढताना त्याची कड सर्वांत आधी फाटते.


जुनाकागद

पेट्यांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सांगतो. संग्रहालयांत वापरल्या जाणाऱ्या उघडमिट पेटीला सोलँडर पेटी म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये काम केलेले स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडर (१७३३–१७८२) यांच्यावरून ते नाव आले. ती उत्तम असते, पण तिला कौशल्य आणि वेळ लागतो. साध्या कामासाठी मला पुठ्ठ्याची चार झडपांची पेटी अधिक जवळची वाटते. तिची कल्पना वर दिलेल्या वेष्टनासारखीच आहे, फक्त पुठ्ठा १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा असतो. ही रीत अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९७० च्या दशकात रूढ झाली. १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या महापुरानंतर तिथल्या ग्रंथांवर काम केलेले पीटर वॉटर्स तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संवर्धन विभागाचे प्रमुख होते. सगळ्या ग्रंथांची दुरुस्ती एकदम होणे शक्य नसते, तेव्हा पहिल्या टप्प्यात निदान प्रत्येकाला संरक्षण द्यावे, असा तो विचार होता.

जाड पुठ्ठ्यात मापातली चूक लगेच बोलते. दीड मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे तीन थर म्हणजे साडेचार मिलिमीटर झाले, आणि ते भिंतीत धरले नाहीत तर पेटी मिटतच नाही. मी प्रत्येक नव्या मापासाठी आधी रद्दी पुठ्ठ्याची नमुनापेटी करतो.

बंदासाठी न रंगवलेली, न विरंजित केलेली सुती फीत वापरावी, आणि तिची गाठ पेटीच्या कडेवर यावी, वरच्या पृष्ठावर नको. वर आलेली गाठ किंवा बटण शेजारच्या वेष्टनात रुततेच. रबर तर कधीच वापरू नये. ते आधी ताणते, मग चिकट होते आणि शेवटी कागदावरच वाळून बसते.

एका पेटीत अनेक वेष्टने आडवी ठेवताना जड खाली आणि हलके वर असावे. उभी ठेवायची असतील, तर मोकळी जागा आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या घडीने भरून काढावी. अर्धी रिकामी पेटी ही अतिभरलेल्या पेटीइतकीच वाईट, कारण तीत कागद हळूहळू वाकून खाली बसतात. डांबरगोळ्या पेटीत ठेवू नयेत. कसर आणि बुरशी यांच्यावर खरा उपाय कोरड्या, स्वच्छ जागेचा आणि अधूनमधून उघडून पाहण्याचाच आहे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली, तर चांगल्यातली चांगली पेटीही बुरशी थांबवू शकत नाही.


शाईरेघ

हे सगळे वाचून मी कालच कामाला लागलो, परंतु माझ्या पत्रांविषयीच्या उत्तराची वाट पाहत आहे. आणखी एक विचारायचे आहे. वेष्टनावर आतल्या वस्तूची नोंद कशाने लिहावी?


घडीकाम

नोंद पेन्सिलीने लिहावी आणि वस्तू आत ठेवण्यापूर्वीच लिहावी. बंद वेष्टनावर लिहिले, तर पेन्सिलीचा दाब आतल्या कागदावर उमटतो. उघडण्याचा क्रम स्पष्ट नसेल, तर झडपांवर बारीक अक्षरांत १, २, ३, ४ असे आकडेही टाकावेत. घाईत असलेला माणूस चुकीची झडप ओढणार नाही, इतपत तरी खात्री राहते.

आता पत्रे. तुम्ही वर्णन केलेली शाई बहुधा लोह आणि मायफळ यांपासून केलेली आहे. तिच्यातले आम्ल आणि लोह हे दोन्ही मिळून अक्षरांखालचा कागद खातात, आणि ओलाव्याने ही क्रिया वाढते. म्हणून चिरांवर पाण्याची खळ स्वतः लावू नका. ते काम अशा शाईची माहिती असलेल्या संवर्धकाकडेच द्यावे. वेष्टन मात्र तुम्ही आजच करू शकता. गठ्ठा सोडवून प्रत्येक पत्राला स्वतंत्र वेष्टन द्या आणि पत्राखाली त्याच्यापेक्षा प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर मोठा असा आम्लमुक्त पुठ्ठ्याचा पातळ आधार ठेवा. पुढे पत्र बाहेर काढताना बोटांनी हा आधार उचलायचा, पत्र उचलायचे नाही, कारण अशा कागदाला नुसते वाकणेही घातक असते आणि तडा शाईच्या रेघेवरूनच जातो. आधाराच्या एका कडेला अंगठ्यापुरता अर्धगोल कापलेत, तर कुठे धरायचे ते न सांगताही कळते. पत्र घडी घातलेले असेल आणि सहज उघडत नसेल, तर ते तसेच मिटलेले राहू द्या.

सीलच्या पत्राला चार झडपांचे साधे वेष्टन पुरणार नाही. झडप सीलवर टेकली तर सगळा दाब लाखेवर येतो आणि लाख तडकते. पत्राच्याच मापाचे पुठ्ठ्याचे दोन-तीन थर कापा आणि प्रत्येकात सीलच्या जागी एक खिडकी ठेवा. ती सीलपेक्षा सर्व बाजूंनी ५ मिलिमीटर मोठी असावी. हे थर एकमेकांना चिकटवून, पूर्ण वाळवून पत्रावर ठेवा. थरांची एकूण उंची सीलच्या उंचीपेक्षा निदान २ मिलिमीटर जास्त यायला हवी, आणि वेष्टनाच्या भिंतींचे माप या उंचीसकट घ्यावे. थर लेखनाला टेकणार असल्याने त्यांच्या आणि पत्राच्या मध्ये मऊ आम्लमुक्त कागद घाला, आणि त्यालाही सीलच्या जागी तेवढीच खिडकी कापा. पहिल्यांदा बंद कराल तेव्हा वरची झडप बोटाने खिडकीच्या मध्यावर अगदी हलके दाबून पाहा. खाली काही टेकल्याचे जाणवले, तर आणखी एक थर लागेल.